दुसऱ्या मजल्यावरची ओल: डोंबिवलीतल्या एका गळतीच्या कामाच्या नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५

डोंबिवली पूर्व. तळमजला अधिक चार, १९९८ चं बांधकाम. तक्रार दुसऱ्या मजल्यावरून. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर छतापासून कमरेपर्यंत ओलीचा पट्टा, रंगाचे पोपडे, काही ठिकाणी पांढरा खार. बाथरूमच्या छताला तपकिरी डाग, तिथून अधूनमधून थेंब. पॅसेजच्या कोपऱ्यात काळी बुरशी. घरच्या ताई म्हणाल्या, दिवाळीपासून फारच वाढलंय.

याआधी रंगारी येऊन गेलेत. भिंत खरवडली, पुट्टी भरली, वर ओलरोधक रंगाचे दोन हात दिले. आठ-दहा महिने टिकलं आणि त्याच जागी फुगलं. पाणी मागून येत असताना पुढून थर लावला की ते थराला ढकलतं, नाहीतर बाजूने वाट काढतं. भिंतीच्या आत ओल राहतेच, फक्त दिसायची थांबते. सळईच्या दृष्टीने ते जास्त वाईट.

पावसाचा प्रश्न लगेच निकालात निघाला. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, भिंत बाहेरची नाही, तरी डाग वाढतोय. म्हणजे पाणी नळाचं किंवा सांडपाण्याचं. कोरड्या दिवसांत तपासणीचा हाच मोठा फायदा. जुलैमध्ये गच्ची, खिडकी, बाहेरची भेग आणि वरचं बाथरूम यांचं पाणी एकत्र होतं आणि कोणाचं कोणतं ते वेगळं काढता येत नाही. ओल असेल तर होळीच्या आधी तपासून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते.

भिंतीवर एकेक फुटावर पेन्सिलने खुणा केल्या आणि दोन पिनांच्या ओलावा मीटरने वाचन घेतलं. समोरच्या कोरड्या भिंतीवर ९ ते ११. पट्ट्यावर ३८ ते ४५. पॅसेजच्या कोपऱ्यात २७. हे मीटर लाकडासाठी बनवलेलं असतं. गिलाव्यात क्षार असले की विजेला वाट सोपी होते आणि आकडा फुगतो. त्यामुळे एकटा आकडा काही सांगत नाही. त्याच खुणांवर पुन्हा पुन्हा घेतलेली वाचनं मात्र सांगतात. डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून तारीख घातली. ताईंना सांगितलं, रोज सकाळी एकाच जागेवरून फोटो काढून पाठवा.

२५ फेब्रुवारी

तिसरा मजला. दार काकांनी उघडलं आणि पहिलंच वाक्य: "आमच्याकडून थेंब जात नाही, आणि आता कोणी हातोडा लावायचा नाही."

त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं होतं. चार वर्षांपूर्वी खालच्यांच्या तक्रारीवरून कोणा कंत्राटदाराने संडासाच्या बाजूची फरशी फोडली, फ्लशची लाइन बदलली, पैसे घेतले. ओल होती तिथेच राहिली. वर घरभर धूळ आणि जुळत नसलेल्या फरशा. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही.

मी म्हटलं, "काका, पाणी कुठून जातंय हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत एकही फरशी निघणार नाही." ते म्हणाले, लिहून द्या. दिलं. गळतीच्या कामाची सुरुवात अशीच व्हायला हवी असं माझं मत आहे. फोडाफोड ही तपासणी नव्हे. तपासणी संपल्यावर कुठे, किती फोडायचं ते ठरतं.

काकूंनी बाथरूम दाखवलं. २०१६ मध्ये नूतनीकरण झालंय: जुन्या जीआय (जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी) पाइपांच्या जागी सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक), आणि जुन्या फरशीवरच नवी फरशी. ही शेवटची गोष्ट वहीत अधोरेखित केली. फरशीवर फरशी बसली की नहाणी ट्रॅपचं, म्हणजे निचऱ्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड खाली राहतं. ते वर आणायला तुकडा जोडावा लागतो, आणि तो सांधा कसा केलाय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

खर्चाचा विषय सेक्रेटरींसमोरच काढला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत विभागणी स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, घरातल्या नळ-बाथरूमची त्या सभासदाने. त्यामुळे उगम सापडण्याआधी पैशावर भांडण्यात अर्थ नाही. उगम सापडला की पैसे कोणाचे तेही ठरतं.

१ मार्च

गच्चीवरून बाथरूमच्या रांगेसाठी एक डाऊनटेक, म्हणजे टाकीतून खाली उतरणारी पाण्याची लाइन, येते. तिसऱ्या मजल्याचा स्वतःचा गेट वॉल्व्ह आहे, पण गंजून अडकलेला. जोर लावून बंद केला तरी नळातून बारीक धार चालूच. असा वॉल्व्ह 'बंद' समजून चाचणी केली तर निकाल उलटा लागतो. प्लंबरने तो काढून बॉल वॉल्व्ह बसवला. आता बंद म्हणजे बंद.

खालच्या बाथरूमच्या छतातून पडणारं पाणी बाटलीत जमवलं. इमारतीत पालिकेचं पाणी वापरायला आणि बोअरचं फ्लशला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला: पालिकेचं ९०, बोअरचं ६२०, बाटलीतलं ४१०. यावरून ताईंच्या मुलाने लगेच "बोअरचंच पाणी आहे" असं ठरवलं. तसं नाही. स्लॅब आणि कोब्यातून (फरशीखालच्या सिमेंटच्या थरातून) झिरपताना पाणी चुना आणि क्षार विरघळवून घेतं, त्यामुळे आकडा चढतोच. आकडा शंभरच्या आसपास आला असता तर ताज्या पाण्याची लाइन जवळच फुटली आहे असं म्हणता आलं असतं. मधला आकडा काहीच सिद्ध करत नाही. वहीत तसंच लिहिलं.

१० मार्च

वरचं कुटुंब शिमग्याला गावी निघालंय, रत्नागिरीकडे. आठवडाभर घर बंद. याहून चांगली चाचणी मला मुद्दाम रचता आली नसती. काकांना विनंती केली: मुख्य वॉल्व्ह उघडा ठेवा, नळ सगळे बंद, गीझरची वीज बंद. काका म्हणाले, पाणी चालू ठेवून कोणी घर सोडतं का? कारण समजावल्यावर तयार झाले. शेजाऱ्यांकडे किल्ली.

कारण असं. माणसं नसतील तर सांडपाणी नाही, म्हणजे नहाणी आणि फरशी कोरडी. पाइपांत मात्र गच्चीच्या टाकीचा दाब तसाच राहील. ओल आटली तर दोष निचऱ्याचा, तशीच राहिली तर दाबाच्या लाइनचा.

१८ मार्च

दोन्ही झालं. बाथरूमच्या छताचा डाग फिका पडला, थेंब चौथ्या दिवशी थांबले, पॅसेजचा कोपरा २७ वरून १९ वर आला. बेडरूमच्या भिंतीवरचा पट्टा जिथल्या तिथे: ३९ ते ४५, पेन्सिलच्या रेघेला चिकटून. ताईंचे फोटो ओळीने लावले की फरक कोणालाही दिसेल.

म्हणजे गळत्या दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. चार वर्षांपूर्वीचं काम का फसलं तेही कळलं. ती फ्लशची लाइन या दोहोंपैकी एकही नव्हती. अशा घरांत दुसरी गळती नेहमी पहिलीच्या आड लपते. एक दुरुस्त करायची, ओल राहिली की "काम वाया गेलं" म्हणायचं, आणि दुसरी कोणी शोधतच नाही.

२० मार्च

दाबाची चाचणी. गीझर सोडवून तोंडांना प्लग, मिक्सर (गरम-थंड पाण्याचा एकत्र नळ) काढून तिथेही प्लग. मिक्सर जागेवर राहिला तर त्याच्यातून गरम आणि थंड लाइन एक होतात आणि चाचणीला काही अर्थ उरत नाही. हातपंपाने पाणी भरलं, हवा काढली, दाब ३ किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला) नेला. टाकीमुळे या मजल्यावर एरवी जेमतेम पाऊण किलो दाब असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, हा हिशेब.

थंड लाइन: तासभर काटा हलला नाही.

गरम लाइन: वीस मिनिटांत ३ वरून १.८.

काका खुर्ची घेऊन गेजसमोर बसले होते. काटा उतरताना त्यांनीच काकूंना हाक मारली.

गीझर बंद असला तरी गरम लाइनवर टाकीचा दाब कायम असतो, कारण पाणी गीझरमधूनच पुढे जातं. म्हणून गावी गेल्यावरही भिंत भिजत राहिली.

आता नेमकी जागा. गीझर परत जोडला, शॉवरला गरम पाणी सोडून लाइन तापवली, मग बंद केलं आणि थर्मल कॅमेरा लावला. लोकांना वाटतं हा कॅमेरा भिंतीतलं पाणी बघतो. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान बघतो, आणि चकचकीत टाइलवर तर समोर उभ्या माणसाची ऊबही त्यात उमटते. म्हणून तिरकं उभं राहून, दोन-तीन कोनांतून बघावं लागतं. पाइपची उभी ऊबदार रेघ दिसली. लाइन थंड होत गेली तशी ती पुसट झाली, पण मिक्सरच्या मागे, जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर, एक पसरट डाग बराच वेळ टिकला.

२१ मार्च

काकांच्या परवानगीने दोन टाइल काढल्या. ग्राइंडरने सांधे कापून, शेजारच्या टाइलला धक्का न लावता. आत सिमेंट काळपट, बोटाने चुरडतंय. मिक्सरच्या एल्बोभोवतीचा (पाइपच्या वळणावरच्या जोडाभोवतीचा) मसाला छिन्नीने हळूहळू मोकळा केला, कापडाने पुसलं आणि पुन्हा पंप मारला.

आधी काहीच नाही. मग सीपीव्हीसी एल्बोत बसवलेल्या पितळी आट्यांच्या गळ्याशी एक रेघ चमकली, केसाएवढी चीर. तिच्या खालच्या टोकाला पाणी गोळा झालं, थेंब धरला, पाइपवरून ओघळून खोबणीत गेला. मग दुसरा. काकांनी चष्मा लावून जवळून पाहिलं. "एवढ्याशा भेगेतून?" म्हणाले. खाली बाटली धरून नेहमीच्या टाकीच्या दाबावर मोजलं: तासाला शंभर मिली. दिवसाला जवळजवळ अडीच लिटर, चोवीस तास, भिंतीच्या पोटात. सोसायटीच्या मीटरवर एवढी गळती कधीच दिसली नसती.

चीर का पडली, ते एल्बो कापून पाहिल्यावर कळलं. आट्यांवर टेफलॉन टेपचे थरावर थर, आणि वर जोडणी ताकदीने आवळलेली. पितळ ढकलतं तेव्हा प्लास्टिकचा गळा ताणला जातो. त्यात पाइप सिमेंटमध्ये घट्ट चिणलेला. गरम पाण्याने सीपीव्हीसी लांबतो, गार झाल्यावर आखडतो, आणि हलायला जागा नसली की सगळा ताण याच गळ्यावर येतो. दिवसातून दोनदा, नऊ वर्षं.

नवा एल्बो लावला, टेप मोजकी, हाताने बसवून पान्याचा शेवटचा पीळ. सॉल्व्हेंट (पाइप चिकटवायचं द्रावण) वाळायला रात्र दिली. उद्या पुन्हा ३ किलो. खोबण आठवडाभर उघडीच ठेवणार. बंद करताना पाइपभोवती फोमचं आवरण.

२ एप्रिल

पाडवा झाला. गरम लाइन ३ किलोवर तासभर टिकली आहे, बेडरूमचा पट्टा ३१ वर उतरलाय.

आता निचरा. दोन रंग, दोन टप्पे. आधी हिरव्या फ्लुओरेसिनचं (अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचं) पाणी फनेलने थेट ट्रॅपमध्ये, फरशीला न लागता. दिवसभरात बरंच सोडलं. खाली अतिनील टॉर्च मारून पाहिलं, काही नाही. म्हणजे ट्रॅप आणि त्याखालचा पाइप शाबूत.

उद्या ट्रॅपच्या तोंडाला रबरी प्लग आणि फरशीवर लाल रंगाचं पाणी, इंचभर.

४ एप्रिल

काल संध्याकाळपर्यंत खाली काही नव्हतं. आज दुपारी ताईंचा फोन: "मॅडम, छत लाल झालंय!" नहाणीच्या बरोबर खाली, बशीएवढा गोल. तिथला गिलावा नाहीतरी काढायचाच होता, म्हणून रंग वापरायला सगळ्यांची आधीच संमती घेतली होती.

ट्रॅपची जाळी उचलून आरसा आणि टॉर्चने पाहिलं. संशय होता तेच. ट्रॅपचं तोंड वर आणायला पीव्हीसीचा तुकडा नुसता ठेवून बाजूने पांढरं सिमेंट भरलंय. ते आकसून सुटलंय, करंगळीचं नख आत जातं. अंघोळीचं पाणी जाळीभोवती साचलं की त्यातला काही भाग या फटीतून सनकमध्ये, म्हणजे बाथरूमच्या फरशीखालच्या भरावाच्या खोलगट जागेत, उतरतो.

काकांनी मीच बोलायच्या आधी सांगितलं, "फोडा. आता कळलं ना."

८ ते २४ एप्रिल

फोडकाम आणि बांधणी. अंघोळीची सोय कशी करायची यावर आम्ही विचार करत होतो, तेवढ्यात ताईंनी काकूंना आपलं बाथरूम देऊ केलं. मला ते फार मोलाचं वाटलं.

सनक दहा इंच खोल, विटांच्या तुकड्यांनी भरलेला. वरचे थर ओलसर. तळाशी उतरल्यावर बिगाऱ्याच्या पायाखाली पाणी उमटलं, कुजका वास. दोन बादल्या उपसल्या. एवढं पाणी साठलेलं असेल तर गळती बंद केल्यावरही खालची ओल काही महिने चालूच राहते, आणि लोक समजतात काम फसलं. म्हणूनच नुसती फट बुजवून भागणार नव्हतं.

स्लॅब घासून, धुऊन, वाळवून घेतला. दोन जागी काँक्रीट पोकळ होतं, तिथे नोझल बसवून सिमेंटचं ग्राउट दाबाने भरलं. भिंतीच्या कोपऱ्यांना वाटा (मसाल्याची गोलाई) मारला. काटकोन ठेवला तर लेप तिथेच फाटतो. नवा ट्रॅप न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये बसवला. पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात, एकमेकांना आडवे-उभे, भिंतीवर फूटभर वर आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट. मग ४८ तास पाणी भरून ठेवलं. मिस्त्री म्हणाला, मॅडम, फरशी झाल्यावर भरू की. फरशीनंतर गळलं तर फरशी फोडावी लागते, आत्ता गळलं तर ब्रशने भागतं. खालचं छत कोरडं राहिलं.

त्यावर कोबा, नहाणीकडे तीन फुटाला अर्धा इंच उतार, पुन्हा लेप, पुन्हा पाणी, मग टाइल. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट.

खाली छताचा सैल गिलावा पाडला तर चार सळया उघड्या, गंजलेल्या. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. छताचे तुकडे पडतात ते त्यामुळे. तारेच्या ब्रशने स्वच्छ करून गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर. सेक्रेटरींना लेखी कळवलं की पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा करायचं असतं, आणि इथे ते राहिलंय.

२६ मे

हवामान खात्याने आज मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. एरवीची तारीख ११ जून. बेडरूमच्या खिडकीबाहेर छज्जाच्या वर आडवी भेग आहे, ती भरायला सोसायटीने जूनचा पहिला आठवडा ठरवला होता. बाहेरून काम करायला झुला (टांगता पाळणा) बांधायच्या आधीच पाऊस आला. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात थोडी ओल उतरली. हे पाणी बाहेरचं, खर्च सोसायटीचा. ताईंना मुद्दाम दाखवून दिलं की हा डाग वेगळा, वरच्यांचा याच्याशी संबंध नाही. भेगेला तात्पुरतं सीलंट, पक्कं काम पावसानंतर.

१२ जुलै

ताईंचा घाबरून फोन: कपाटामागे बुरशी. भिंत बाहेरची, पण पाइप जवळपास नाही. फूटभर प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवलं. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले, भिंतीकडची बाजू कोरडी. म्हणजे हवेतली वाफ. पावसात कपडे त्याच खोलीत वाळत घालतात, खिडकी बंद, कपाट भिंतीला टेकलेलं. कपाट चार इंच पुढे ओढलं, दोरी गॅलरीत नेली, पंखा चालू. इथे कोणतंही रसायन विकत घ्यायची गरज नाही.

२० ऑगस्ट

दोन दिवस मुंबई-ठाण्यात तुफान पाऊस. त्यातच वाचन घेतलं. बेडरूमचा पट्टा १४ ते १७, पेन्सिलच्या रेघेच्या आत सगळीकडे उतरता. बाथरूमचं छत १२. पॅसेजचा कोपरा ११. खिडकीचा कोपरा २२, तो अपेक्षितच होता.

ताईंना गणपतीआधी रंग हवा होता. मी नको म्हटलं. भिंतीतला खार अजून बाहेर येतोय. कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने पुसायचा नाही, पाणी लावलं की तो विरघळून पुन्हा आत जातो.

७ ऑक्टोबर

पट्टा १० ते १२, म्हणजे समोरच्या भिंतीइतकाच. सलग तीन वाचनं सारखी. छज्जाची भेग 'व्ही' आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरली. कमरेपर्यंतचा क्षार खाल्लेला गिलावा काढून नवा केलाय. तो नीट सुकला की रंगारी येईल.

काकांना फाइल दिली: भिंतीतल्या पाइपांचे, शेजारी टेप धरून काढलेले फोटो, दोन्ही दाबचाचण्यांची वाचनं, नव्या बॉल वॉल्व्हची जागा. ताईंना भिंतीवरच्या खुणांचा तक्ता.

चौथ्या मजल्यावरच्या बाथरूममध्येही फरशीवर फरशी आहे आणि ट्रॅपवर तसाच वाढवलेला तुकडा. काकांच्या छताला अजून काही नाही, तरी त्यांनीच वरच्यांशी बोलून ठेवलंय. शनिवारी सकाळी तिथे लाल पाणी भरायचं.